हंटिंगच्या हंगामासाठी घोडी ठेवली ती मीथमधली पागा

आयर्लंडमधल्या मीथ काउंटीत, नॅव्हन आणि स्लेन या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात एक लिव्हरी यार्ड आहे. माझी घोडी रेवा ऑगस्टपासून मार्चपर्यंत तिथे असते. लिव्हरी यार्ड म्हणजे भाड्याची पागा. फुल लिव्हरी घेतली की घोडा तेवढा आपला. चारापाणी, खरारा, लीद काढणं, रोजची रपेट, नालबंदाला बोलावणं, सगळं त्यांच्याकडे. यार्डचं नाव मी लिहीत नाही, कारण मालकीणबाईंनी तशी विनंती केली आहे. हंटिंग म्हणजे घोड्यावर बसून हाउंड्सच्या, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या, मागे जाऊन केलेली कोल्ह्याची शिकार. तिच्यावरून इथलं वातावरण अधूनमधून तापतं आणि त्यांना ते भांडण दारात नको आहे. ज्याला खरंच घोडा ठेवायचा आहे त्याने त्या भागातल्या एखाद्या नालबंदाला विचारावं, तो थेट तिथेच पाठवेल.

मी इथे नर्स आहे. बारा-बारा तासांच्या ड्यूट्या, त्यातल्या कित्येक रात्रीच्या. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि चार वाजून गेले की मावळतो. या हिशेबात घोडा स्वतः सांभाळून हंटिंगला लायक ठेवणं मला शक्यच नाही. त्यामुळे पगाराचा मोठा भाग या पागेत जातो आणि तो कुठे मुरतो हे मी बारकाईने बघते. बघायची नजर घरची आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, पुण्याच्या रेसकोर्सवर नालबंद होते. पावसाळ्यात पुण्याचा सीझन, हिवाळ्यात महालक्ष्मीचा, आणि घोड्यांबरोबर तेही इकडून तिकडे. घोडा दाखवायला आणला की आप्पा तोंडाकडे नंतर बघत, आधी पाय. मीही पागेचं मोजमाप पायांवरूनच करते.

रेवा आयरिश ड्राफ्ट आणि थरोब्रेड या दोन जातींच्या संकरातली. कुमैत रंग, खांद्याशी साधारण १६५ सेंटिमीटर, वजन साडेपाचशे किलोच्या आसपास. स्वभाव शांत, पण हाउंड्सचा आवाज कानावर पडला की तिच्या अंगात वीज भरते.

हंटिंगचा दिवस घोड्याकडून काय मागतो ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. शर्यतीच्या घोड्याचं काम मिनिटांत संपतं. इथे सकाळी अकरा-साडेअकराला मीट, म्हणजे सगळ्यांनी जमायचं, आणि घरी परत येईपर्यंत अंधार. या चार-पाच तासांत बराच वेळ घोडा नुसता उभा असतो, कव्हर्टच्या, म्हणजे कोल्हा लपतो त्या झाडीच्या, बाहेर, वाऱ्यात, बहुतेक वेळा पावसात. मग एकदम हाउंड्सना वास लागतो आणि थंड पडलेल्या अंगाने चिखलातून भरधाव सुटावं लागतं. त्यात मीथच्या शेतांमधले चर. खोल, रुंद, कधी पाण्याने भरलेले, काठावर ब्लॅकथॉर्नची काटेरी झाडी. घोड्याचा दम टिकला पाहिजे हे तर खरंच, पण पाय टिकले पाहिजेत हे त्याहून खरं. दमलेला घोडा चराच्या काठावर चुकतो आणि तिथली चूक घोड्यालाही महागात पडते, स्वारालाही.

कायद्याचंही सांगून टाकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या झुंडीने कोल्ह्याची शिकार करायला २००५ पासून बंदी आहे, स्कॉटलंडमध्ये कायदा २००२ मध्येच झाला. आयर्लंडमध्ये परवानगी आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांचा मी आदर करते. माझ्याच वॉर्डातल्या दोघी-तिघी याबाबतीत माझ्याशी कडाडून भांडतात आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. या यार्डात काही घोडे ड्रॅग हंटसाठीही तयार होतात. तिथे कोल्हा नसतो. आधी ओढत नेलेल्या वासाच्या मागावर हाउंड्स धावतात. त्या घोड्यांची तयारी थोडी वेगळी करतात, कारण तिथे थांबणं कमी आणि सलग वेगात धावणं जास्त.

आता मुद्द्यावर येते. या पागेची खरी किंमत ऑगस्टमध्ये कळते. मार्चमध्ये हंगाम संपला की घोड्यांचे नाल काढतात, चंदी म्हणजे दाणा बंद करतात आणि उन्हाळाभर त्यांना गवतावर सोडून देतात. ऑगस्टमध्ये रेवा परत येते तेव्हा पोट सुटलेलं, मान गुबगुबीत, अंगात ताकद नाही. आणि इथून पहिले कित्येक आठवडे ही माणसं तिला फक्त चालवतात. सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटं, मग हळूहळू वाढवत दीड तासापर्यंत. शेतांमधून जाणाऱ्या अरुंद डांबरी रस्त्यांवर, चढ-उतारावर, खणखणीत पावलं टाकत. दुडकी चाल महिनाभरानंतर, तीसुद्धा चढावर, डांबरावर अगदी थोडी. धावणं सहाव्या आठवड्याच्या पुढे.

बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं. महिन्याचं बिल येतं आणि घोडा नुसता रस्त्याने फिरतोय! पण कारण पक्कं आहे. घोड्याचं हृदय आणि स्नायू काही आठवड्यांतच तयार होतात. शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या, म्हणजे टेंडन), अस्थिबंध आणि हाडं मात्र फार सावकाश घट्ट होतात. दम आला म्हणून घोडा पळवला, तर जोर येतो तो पुढच्या पायाच्या मागच्या शिरेवर. ती एकदा फाटली की त्या हंगामावर पाणी, आणि कधीकधी पुढच्याही. मी यापूर्वी जिथे घोडी ठेवली होती तिथे ऑगस्टअखेरीसच कँटर, म्हणजे मध्यम वेगाची दौड, सुरू करायचे. ऑक्टोबरात घोडी चकचकीत दिसायची आणि डिसेंबरात पाय सुजायचे. इथल्या मालकीणबाईंना मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, धावणं कधीपासून? त्या म्हणाल्या, “तिच्या पायांनी सांगितल्यावर.” पुढे चार महिने त्या तशाच वागल्या.

सप्टेंबरच्या शेवटी चढावरचा कँटर सुरू होतो. वर पोचलं की हेड ग्रूम, म्हणजे मुख्य मोतद्दार बाई, खाली उतरते, घोडीच्या डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावते आणि घड्याळ बघते. निवांत असताना घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ च्या दरम्यान असतात. कामानंतर ते दीडशेच्याही वर जातात. दहा मिनिटांत साठच्या आसपास उतरले, तर पुढच्या आठवड्यात काम वाढवायचं. नाही उतरले तर आहे तेवढंच ठेवायचं. प्रत्येक घोड्याची वही आहे आणि ती मालकाला केव्हाही बघायला मिळते. मी रात्रपाळीवरून घरी जाताना वाट वाकडी करून जाते आणि आधी वही उघडते. ऑक्टोबरात सकाळच्या छोट्या हंटिंगला दोन-तीनदा नेऊन आणतात, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओपनिंग मीट, म्हणजे हंगामाची पहिली मीट, असते तेव्हा घोडी खऱ्या अर्थाने तयार असते. आठवड्यातून एक दिवस, फार तर पंधरवड्यात तीन, याहून जास्त त्या जाऊच देत नाहीत. पैसे देते म्हणून हट्ट केला तरी नाही.

नालांबद्दल लिहिताना मी जरा लांबण लावणार आहे. नालबंद दर पाच आठवड्यांनी येतो, आणि त्याचं काम मी आप्पांना व्हिडिओवर दाखवते. खिळ्यांची टोकं एका रेषेत, टाच मोकळी, नालाची बाहेरची कड खुराबरोबर गुळगुळीत. पुढचा नाल मागे लांब ठेवलेला नाही, कारण चिखलात मागच्या पायाने तो उपटला जातो. नालाला स्टड, म्हणजे धातूचे छोटे खुंट, बसवायची भोकं असतात. हंटिंगच्या सकाळी त्यात स्टड पिळून बसवतात, घसरू नये म्हणून, आणि परत आल्याबरोबर काढतात. रात्रभर स्टडवर उभा राहिलेला घोडा म्हणजे एका बाजूला कललेला खूर, आणि त्याचा ताण थेट सांध्यावर. एरवी भोकांत तेलात बुडवलेला कापूस कोंबून ठेवतात, म्हणजे खडे जात नाहीत आणि आटे गंजत नाहीत. मागच्या जानेवारीत आप्पांनी पुण्यातून स्क्रीनवर बघून विचारलं, “पोरी, खुराला हात लाव. चारही सारखे गार आहेत का? आणि मुठीच्या वर, मागे, नाडी जोरात लागते का बघ.” मूठ म्हणजे खुराच्या वरचा सांधा. खूर गार होते, नाडी मंद होती. ते म्हणाले, “मग ठीक आहे, माणूस जाणता आहे.” आप्पांकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं मी ऐकलेलं नाही.

चंदीच्या बाबतीत यार्ड शिस्तीचं आहे. मुख्य खाणं हेलेज, म्हणजे थोडं ओलसर असतानाच हवाबंद गुंडाळलेलं गवत. सुक्या गवतापेक्षा त्यात धूळ कमी, म्हणून खोकला कमी. घोड्याचं पोट त्याच्या अंगाच्या मानाने लहान असतं, म्हणून चंदी एकदम न देता दिवसातून तीन-चार वेळा विभागून. ओट्स कामाच्या प्रमाणात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुट्टीच्या दिवशी चंदी अर्ध्यावर आणतात. इथे जुने लोक एका दुखण्याला ‘मंडे मॉर्निंग डिसीज’ म्हणतात. शेतावरच्या घोड्यांना रविवारी काम नसायचं पण दाणा पूर्ण मिळायचा. सोमवारी जुंपले की थोड्याच वेळात मागचे स्नायू लाकडासारखे ताठ, दरदरून घाम, लघवी कॉफीच्या रंगाची. स्नायू फुटून त्यातला रंग मूत्रपिंडातून बाहेर पडतो म्हणून. एक फलक तबेल्याच्या दारात लावलेला आहे: उद्या कोणाला सुट्टी, कोणाची चंदी किती. सकाळी येणारी शिकाऊ मुलगीसुद्धा तो वाचल्याशिवाय बादलीला हात लावत नाही.

अंगावरचे केस ऑक्टोबरात काढतात आणि नाताळानंतर पुन्हा एकदा. पायांवरचे केस काट्यांपासून राखण म्हणून ठेवतात, खोगिराखालचा तुकडाही ठेवतात. मग रग चढतात, थंडीप्रमाणे हलके-जाड. या कामात सांगण्यासारखं वेगळं काही नाही, नीट करतात.

रविवारची सकाळ मात्र बघण्यासारखी असते. एका शनिवारी नॅव्हनच्या दक्षिणेकडच्या भागात दिवसभर पाऊस होता आणि आम्ही पार भिजून परतलो होतो. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी गेले तेव्हा बाहेर काळोख होता आणि रेवाच्या ठाणात हेड ग्रूम डोक्याला टॉर्च बांधून गुडघ्यांवर बसली होती. आधी तिने बादली बघितली, पाणी किती प्यायलंय. मग लीद बघितली, चंदी संपली का बघितली. मग पाय. डोळे मिटून, बोटांची टोकं केसांच्या उलट्या दिशेने, गुडघ्यापासून खुरापर्यंत. एका पायाला तिला पाच मिनिटं लागतात. मागच्या डाव्या पायाला, मुठीच्या थोडं वर, तिचं बोट थांबलं. मला तिथे काहीच दिसलं नाही. तिने माझा हात धरून तिथे ठेवला तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ लागली, आणि ती जरा गरम होती. ब्लॅकथॉर्नचा काटा. हा काटा सांध्यात किंवा शिरेच्या आवरणात शिरला तर आत पू होतो आणि घोडा कायमचा अधू होऊ शकतो. ही गाठ सांध्याजवळच होती, म्हणून तिने उपटाउपटी केली नाही, लगेच डॉक्टरांना फोन केला. दुपारपर्यंत काटा निघाला होता आणि आवरण शाबूत आहे याची तपासणी झाली होती. घोडी दोन आठवड्यांत कामावर परत. मी स्वतः रुग्णांच्या जखमा बघत दिवस काढते. तपासणीतली ही सबुरी आणि हे बोटांचं ज्ञान काय योग्यतेचं आहे ते मला कळतं.

पाय तपासून झाले की प्रत्येक घोड्याला सिमेंटच्या सपाट पट्टीवर हातात धरून दुडकी चालवतात, समोरून आणि मागून बघतात. मग वीस मिनिटं हाताने चालवणं, आणि हिरवळीवर मोकळं सोडणं. चिखल लागलेले पाय इथे संध्याकाळी धुवत नाहीत, वाळू देतात आणि सकाळी ब्रशने झाडतात. सतत ओली राहिलेली कातडी फुटते आणि तिथे जंतू शिरून खपल्या धरतात, ज्याला मड फीव्हर म्हणतात. यावर दोन मतं आहेत आणि चांगली माणसं पाय धुवून कोरडे करणारीही आहेत. पण दोन हिवाळ्यांत रेवाच्या पायांवर एकही खपली आली नाही, म्हणून मी या बाजूची.

दव गोठून जमीन दगडासारखी झाली की हंटिंग रद्द होतं आणि आठवडा-आठवडा घोडे अडकून पडतात. अशा वेळी बरीच यार्डं घोडे यांत्रिक वॉकरमध्ये गोल फिरवून मोकळी होतात. इथले लोक भल्या पहाटे लॉरीत घोडे भरतात आणि लेटाउनच्या किनाऱ्यावर नेतात. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू सहसा गोठत नाही. हा तोच किनारा जिथे १८६८ पासून ओहोटीच्या वेळी वाळूवर घोड्यांच्या शर्यती होतात. घट्ट वाळूवर लांब, सरळ कँटर, आणि नंतर गुडघाभर पाण्यात पंधरा मिनिटं चालणं, गार पाण्याने पायांना आराम. याचे लॉरीचे पैसे वेगळे लागतात आणि ते मी आनंदाने देते.

आता तक्रारी. जानेवारी-फेब्रुवारीत घोड्यांना मोकळं सोडणं फार कमी होतं. कुरणं चिखलाने खराब होतात हे मान्य, पण दिवसाचे बावीस तास ठाणात उभं राहणं हे रेवासारख्या चालत्या-फिरत्या जनावराच्या पोटाला आणि डोक्याला चांगलं नाही. एक छोटा वाळूचा वाडा त्यांनी बांधायलाच हवा. मी तोंडी सांगितलंय, लेखी सांगितलंय, पुन्हा सांगणार आहे. दुसरं, मागच्या बाजूच्या तबेल्यांत हवा कोंडते. थंडी आहे म्हणून वरची झापं लावून घेतात आणि आत लघवीचा उग्र वास साठतो; फुप्फुसांवर मेहनत घेणाऱ्या पागेत हे शोभत नाही. ठाण मागताना पुढच्या ओळीतलंच मागा. तिसरं, बिल. स्टड, केस काढणं, लॉरी, आयाळीची वेणी, सगळं वेगवेगळं लावतात आणि ते महिन्याच्या शेवटी कळतं. आठवड्याला दोनशे युरोच्या पुढे देणाऱ्या माणसाला ही यादी आधी हातात मिळायला हवी.

आणि हे यार्ड सगळ्यांसाठी नाही. ज्याला मनात येईल तेव्हा घोडा काढून उडवायचा आहे त्याचं आणि मालकीणबाईंचं आठवड्यातच वाजेल. लहान मुलांना रायडिंग शिकवायची सोय इथे नाही. पण ज्याची नोकरी माझ्यासारखी आहे, ज्याला घोडा मार्चमध्ये चारही पाय धड घेऊन गवतावर परत गेलेला बघायचा आहे, त्याने दुसरीकडे शोधत बसू नये.

ठाणं जूनमध्येच भरतात, तेव्हा ऑगस्टमध्ये फोन करून उपयोग नाही. घोडा पाठवताना त्याचा पासपोर्ट (घोड्याचं ओळखपत्र), त्यात इन्फ्लुएन्झाच्या लशीची ताजी नोंद, आणि जुन्या नालबंदाचा नंबर बरोबर द्या. नवीन घोड्याला सुरुवातीचे काही दिवस वेगळं ठेवतात, त्याचं भाडं नेहमीचंच. बघायला जायचं असेल तर रविवारी सकाळी सातला जा, कॉफी मिळते.